गोठ्याची चौथी भिंत

"अंधार पडायच्या आत ही भिंत झालीच पायजे, भीमअण्णा," धनराज तिसऱ्यांदा म्हणाला.

भीमराज सुताराने ओठांत धरलेला खिळा काढला. "व्हईल की. तुमी असं मानगुटीवर बसलात तर उलट उशीर व्हईल, अप्पा."

तीन भिंती कालपर्यंत उरकल्या होत्या. हुमनाबादच्या आरागिरणीतून निलगिरीच्या फळ्या आल्या होत्या. बाहेरून ओंडक्यासारख्या गोल, आतून सपाट. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवत भीमराज खालून वर चढत होता. हळ्ळीखेडच्या शिवारात गोठे तुराट्यांचे, नाहीतर पत्र्याचे. हा असला लाकडी गोठा बघायला लोक वाट वाकडी करून येत होते. दिवाळीपासून लांबणीवर पडलेलं काम बिबट्याने तीन दिवसांत करून घेतलं होतं. एरवी धनराज मिशीला पीळ देत फिरला असता. आज त्याला नुसती भीती वाटत होती.

शेजारचा ऊस तुटला त्याच संध्याकाळी बिबट्या पहिल्यांदा दिसला. आज पाचवा दिवस. वनखात्याने बांधावर पिंजरा लावून आत शेळी बांधली होती. शेळी रात्रभर ओरडायची. बिबट्या तिच्या समोरून जायचा, पण ढुंकून बघायचा नाही. थेट गोठ्याकडे यायचा.

"गाईवरच डोळा हाय त्याचा," सगळे म्हणत.

गाय धनराजच्या बायकोची, राजूबाईची होती. तिने या देवणी जातीच्या कालवडीला आई मेल्यावर बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. नाव चांदणी. आता तिचे दिवस भरले होते, आणि पाच दिवसांत राजूबाईच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. चांदणीला काही झालं तर आपण जेवणार नाही, असं तिने नवऱ्याला साफ सांगून टाकलं होतं.

"अक्का, हे बघा," भीमराजने तिला बोलावलं. जुन्या तुराट्यांना कोपऱ्यात भगदाड पडलं होतं आणि तिथेच ओरखडे होते. "काल रात्री आतबी शिरला व्हता. ह्या मातीत पंजे उमटल्यात. कडब्यापर्यंत."

"गाय हंबरली म्हणून मी पत्रा बडवला," धनराज म्हणाला. "तवा पळाला."

"मंग गाईला कामून शिवला न्हाई?"

"शिंगं बघितलास का तिची?"

भीमराजने मान डोलावली आणि पहिली फळी भगदाडावर ठोकली.

दुपार कलली तशी चांदणी बेचैन झाली. दावं ताणून ती कडब्यापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं लांब जाऊन उभी राहिली. उसाच्या शेंड्यांचं ताजं वाढं पुढे होतं, तेही तिने हुंगलं नाही. तसं पाच दिवस वाढ्यावरच भागत होतं. कडब्याच्या पेंढ्यांना कुणी हात लावला नव्हता. तिकडे मधूनच खसफस व्हायची.

"घुशी झाल्यात," धनराज म्हणाला. "भिंत झाली की उपसू सगळं."

"घुशीचं ऱ्हाऊ द्या. हिला कळा सुरू झाल्यात," राजूबाई म्हणाली. "डाक्टरला आणा."

डॉक्टर फोन उचलेना. धनराज एकदा गाईकडे, एकदा भिंतीकडे बघत राहिला. भीमराजने शेवटची फळी खाचेत सरकवली, चार खिळे ठोकले आणि तळहाताने भिंतीवर थाप मारली.

"घ्या. आता हत्ती आला तरी आत येणार न्हाई, अक्का. चिमणीला जागा न्हाई ठेवली."

"मी डाक्टरला घिऊन येतो," धनराज म्हणाला. "तू घरात जा."

"मी हिला सोडून कुटं जायची न्हाई."

तिच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता. "मंग आतून कडी लाव. माझा आवाज आल्याबिगर उघडायचं न्हाई. कायबी झालं तरी."

"व्हय."

"मी थांबू का?" भीमराजने विचारलं.

"कशाला?" राजूबाई म्हणाली. "भिंत तुमीच केलाव ना? मंग जावा बिनघोर."

मोटरसायकल दोघांना घेऊन गेली. राजूबाईने जाड कडी सरकवली, ओढून बघितली आणि दिवा लावला. चांदणीच्या पाठीवर हात फिरवताना तिला पाच दिवसांत पहिल्यांदा मोकळं वाटलं.

सूर्य बुडाला आणि तो आला.

आधी पावलं. मग त्याच कोपऱ्यात नखं. खरर, खरर. राजूबाईने खुरपं हातात घेतलं. नखं फळीवरून घसरली, पुन्हा लागली, पुन्हा घसरली. फळी जागची हलली नाही. राजूबाईला रडू आलं आणि मग चक्क हसू आलं. भीमअण्णाला साडीचोळी करायची, बायकोसाठी, असं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

ओरखडणं थांबलं. बाहेरून आवाज आला. डरकाळी नव्हती ती. दबका, तुटका आवाज, पुन्हा पुन्हा.

ती भिंतीजवळ गेली आणि फळीला तोंड लावून म्हणाली, "जा की रं मुडद्या. हितं तुझं कायबी न्हाई."

चांदणीखाली कोरडं काहीतरी अंथरायला हवं होतं. राजूबाईने खुरपं खाली ठेवलं, कोपऱ्यातल्या कडब्याची एक पेंढी ओढली, मग दुसरी. बाहेरून पुन्हा हाक आली, आणि तिच्या पायाशी, कडब्याच्या खळग्यात, नुकते डोळे उघडलेल्या दोन ठिपकेदार पिल्लांनी आईला ओ दिली.