दिली की दुप्पट

हेमांगी टिपणीस तांदळापासून डायपरपर्यंत सगळं एकाच दुकानातून आणायची, कारण तिथे बँकेचं कार्ड वापरलं की शंभर रुपयांमागे दोन मिनिटं झोप परत मिळायची. कार्ड कपाळाला लावलं की तेवढी झोप क्षणात अंगात उतरायची. पण घरात जुळी. महिन्याची दीड तास झोप कुठे पुरणार?

एका दुपारी, एक मूल मांडीवर आणि दुसरं खांद्यावर घेऊन, तिने नियम शेवटपर्यंत वाचले. झोप दुसऱ्याच्या कार्डावर पाठवली, तर दुप्पट! झोप कोण कुणाला देतंय, असं बँकेला वाटलं असावं.

तिने सगळी झोप शेजारच्या सुळेकाकूंना पाठवली. गुडघेदुखीने जागणाऱ्या काकूंनी थोडी वापरली, उरलेली परत पाठवली, तीही दुप्पट होऊन आली. दोन महिन्यांत ही देवाणघेवाण घरोघर पसरली आणि अख्खी सोसायटी ताजीतवानी झाली. पार्किंगवरून होणारी भांडणंसुद्धा थांबली.

मग बँकेतून फोन आला.

"मॅडम, तुमच्या इमारतीत चाललंय काय?" अधिकारी भडकला होता. "इकडून तिकडे, तिकडून इकडे! हे नियमात..." वाक्य अर्धवट टाकून त्याने लांबलचक जांभई दिली.

"नियमातच आहे," हेमांगी म्हणाली. "तुम्ही नीट कधी झोपला होता हो?"

"आठवत नाही, मॅडम."

"तुमचा कार्ड नंबर सांगा."

"फोनवर कार्ड नंबर कुणालाही सांगू नये, असं आम्हीच सांगतो."

हेमांगीने कागद-पेन पुढे ओढलं. आणखी एक जांभई देऊन त्याने सोळा आकडे एकेक करून, सावकाश सांगितले.