लष्कराच्या भाकऱ्या

"तुझं जाणं रद्द कर," दादा म्हणाला. तेही लॅपटॉपवरून मान वर न करता.

बहिणीची बॅग भरून दारात उभी होती. तिकीट पर्समध्ये होतं. बाबांचं आजारपण सुरू झाल्यापासून ती पहिल्यांदाच चार दिवस बाहेर राहणार होती, आणि ते चार दिवस दादाने स्वतःच्या तोंडाने कबूल केले होते. सकाळी आला तो लॅपटॉप छातीशी धरूनच. आल्यापासून बाबांच्या खोलीत तो एकदाच डोकावला होता, तेही वायफायचा पासवर्ड विचारायला. बाबांना! ज्यांच्या तोंडून अर्धा शब्द नीट निघत नाही त्यांना!

"रद्द म्हणजे?" तिने बाबांच्या खाटेजवळून विचारलं.

"रद्द म्हणजे रद्द. आमची साइट बोंबललीय. आज टाकलेलं पार्सल गेल्या महिन्यात पोचणार म्हणून दाखवतेय. गिऱ्हाइकं फोनवर शिव्या घालताहेत, टीम रडकुंडीला आलीय. मी ते बघू की बाबांना?"

"दादा, तू शब्द दिला होतास."

"मग काय, नोकरी घालवू? तुझं बरंय, घरीच तर असतेस. आणि जायचंय कुठे, तर फुकट कोड लिहिणाऱ्यांच्या मेळाव्याला! लष्कराच्या भाकऱ्या भाजायला एवढं लांब कशाला जायला हवं गं?"

तिच्या डोक्यात सणक गेली. पण हातात चमचा होता आणि समोर बाबांचं उघडं तोंड. तिने चमचाभर पाणी पाजलं, ते गिळेपर्यंत थांबली, आणि मगच मान वळवली.

"साइट कशामुळे पडली?"

"एक फालतू लायब्ररी आहे, तारखा दाखवायची. तयार कोड, उचलायचा आणि लावायचा. ती लिहिणाऱ्या गाढवाने महिन्यांचे आकडेच बदलले. जावास्क्रिप्टमध्ये जानेवारी म्हणजे शून्य, शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हा म्हणतो, आता एक! नाव नाही, गाव नाही, मांजराचा फोटो लावून बसलाय लेकाचा. त्याच्या पानावर जाऊन अशी खरडपट्टी काढलीय ना, पुन्हा कोडला हात लावायचा नाही. ऐक."

आणि त्याने मोठ्याने वाचूनच दाखवलं. "लायकी नसेल तर दुकान बंद करा. तुमच्यासारख्या रिकामटेकड्यांमुळे खरं काम करणाऱ्यांची वाट लागते."

तिचा फोन मघाशीच थरथरला होता. हीच ओळ त्यावर येऊन पडली होती. मांजर तिचं होतं. लायब्ररीही तिचीच. बाबांचा डोळा लागला की त्यांच्या उशाशी बसून ती सांभाळायची, कुणाकडून दमडी न घेता. बहीण दिवसभर काय करते, हे दादाने कधी विचारलंच नव्हतं. विचारेल कशाला? घरात बसलेली बाई काही कामाचं करत असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुमची लॉक फाइल कुठे गेली?" तिने विचारलं. कुठल्या लायब्ररीची कुठली आवृत्ती घ्यायची, हे त्या फाइलीत पक्कं बांधलेलं असतं. ती जागेवर असली की बाहेर कुणी काहीही बदलो, आपल्या साइटला धक्का लागत नाही.

"ती होय? टीममधल्या दोन पोरांचे बदल त्यात एकमेकांवर आदळत होते. कोण निस्तरत बसणार? दिली उडवून. आपोआप नवी तयार होते."

"उडवली कुणी?"

"मी." मग जरा घुश्शात, "सगळेच उडवतात."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच! स्वतः दाराची कडी काढून झोपायचं आणि सकाळी उठून सुताराच्या नावाने शिमगा करायचा.

"आवृत्ती बांधलेली नसली की जी नवी असेल तीच येणार ना, दादा?"

"आता तू मला शिकव!" तो हसला. "त्यापेक्षा बाबांच्या गोळ्या कुठे असतात ते सांगून ठेव. नाहीतर राहू दे. तू आहेसच."

तू आहेसच! बाकी सगळं तिने गिळलं असतं, हे मात्र घशाखाली उतरेना. बाबा तिच्याकडेच बघत होते. त्यांनी चालता हात उचलून दाराकडे दाखवला.

"जा," ते म्हणाले. शब्द वाकडा निघाला, पण निघाला.

तिने त्यांची हनुवटी पुसली, गोळ्यांचा डबा उशाशी ठेवला आणि फोन घेऊन बाहेर गेली. तिकीट रद्द करायला गेली असेल, असं दादाला वाटलं.

"शहाणी आहेस," तो तिच्या पाठीमागून म्हणाला.

थोड्या वेळाने बाबांनी पाण्यासाठी खुणा केल्या. दादाने दोन हाका मारल्या. ओ आली नाही. चरफडत उठला, पेला भरून घेतला, तेव्हा कुठे त्याला दिसलं की दारात बॅग नाही. तेवढ्यात लॅपटॉप वाजला. मांजराने उत्तर दिलं होतं, साऱ्या जगाला वाचता येईल असं.

"महिने एकपासून मोजणार, हे पानाच्या माथ्यावर वर्षभर लिहिलेलं आहे. तू उडवलेली लॉक फाइल परत ठेव, साइट चालेल. आणि दादा, बाबांना पेल्याने पाणी देऊ नकोस, ठसका लागतो. चमच्याने दे, आणि गिळेपर्यंत थांब."