साधे डास

"ताई, तुमच्या गावात सोडलेले डास साधेच होते," डॉक्टर कागद चाळत म्हणाले. "लसवाले पलीकडच्या गावात सोडले. तुलनेसाठी एक गाव तसंच ठेवावं लागतं."

गावची आशा सेविका सुमित्रा नैताम खुर्चीत बसूनच राहिली. चावून हिवतापाची लस देणारे डास आलेत, मारू नका, चावू द्या, असं दारोदार सांगून तिनेच सगळ्या मच्छरदाण्या काढायला लावल्या होत्या. पावसाळ्यात तीन लेकरं तापाने गेली, तेव्हाही लोकांची समजूत तिनेच घातली होती.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही इतक्या मनापासून काम केलं असतं का?"

दिवेलागणीला ती गावात परतली. फुलाआत्या ओसरीवर धाकट्या नातीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीच्या उघड्या दंडावर दोन डास होते.

"आत्या, उठवा तिला. आत न्या!"

"नाही गं बाई," फुलाआत्या म्हणाली. "थोरल्या नातवाच्या वेळी मी मच्छरदाणी काढायला उशीर केला, म्हणून तो गेला. हिच्या वेळी चुकणार नाही."