पत्र्यावरची टकटक

जन्मभर ट्रक चालवलेला म्हातारा बायको, तंबू आणि दोन कुत्री घेऊन जुन्या व्हॅनमधून देश बघायला निघाला होता. बायको मागं कुत्र्यांपाशी झोपायची. निघताना हा आपल्या सीटमागचा, मधल्या आडोशाचा पत्रा ठोकायचा, आतून भुंकणं आलं की सगळे चढले समजून गिअर टाकायचा. आज जंगलातून निघाल्यापासून कुत्री कोकलतच होती. “अरे गाढवांनो, आईला झोपू द्या!” असं दटावत म्हातारा घाट उतरला. पंपावर मागचं दार उघडलं, तर आत नुसती कुत्री आणि तिचा फोन. भांडी विसळायला ओढ्यावर गेलेली बायको तिथंच राहिली होती. म्हाताऱ्यानं तिथूनच व्हॅन वळवली. भरधाव माघारी आला, हाका मारमारून घसा बसला. कुत्री सोडली, तर उतरेनात. शेपट्या घालून दोन्ही कोपऱ्यात दबली. तेवढ्यात झाडावरून बायको कुजबुजली, “अहो, ओरडू नका. अस्वल तुमच्या मागंच आहे.”