बोलणारं मांजर

नातीच्या त्या पत्राला आजोबांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. वसतिगृहातल्या मुली दर महिन्याला घरी पत्र लिहीत, तसंच ते आलं होतं. अक्षर टपोरं, मजकूर थोडा. 'आजोबा, सुट्टीत तुम्ही माझ्याशी बोललाच नाहीत. नुसते पुस्तकात बघत बसलात. पुढच्या सुट्टीत मी आजोळी येणार नाही. मैत्रिणीकडे जाणार.'

आजोबांच्या ते जिव्हारी लागलं. जन्मभर त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती. चूक दिसली की समासात खूण करायची, संपलं. इथे खूण कुठे करायची तेच कळेना.

"मांजराचं अख्खं पुस्तक वाचून दाखवलं तिला," ते आजीला म्हणाले.

"मान खाली घालून," आजी म्हणाली. "तेही मिशीतल्या मिशीत. अहो, इतकी वर्षं संसार केला, मलासुद्धा तुमचं निम्मं बोलणं अंदाजानेच कळतं."

मग मोबाइलपुढे बसून गोष्ट सांगायचा प्रयत्न झाला. कॅमेरा सुरू झाला की आजोबांची नजर आपोआप स्वतःच्या चपलांवर जायची. आजीने चित्रण बघितलं आणि म्हणाली, "टक्कल छान आलंय."

तेव्हा आजोबांनी ठरवलं, आपल्याला जमत नाही तर मांजरालाच बोलू द्यावं. वह्या-पेनांच्या दुकानाच्या माडीवर ॲनिमेशनचा वर्ग चालायचा. त्यांनी तिथे नाव घातलं.

वर्गात सगळी कॉलेजातली मुलं. शिकवणारी मुलगी त्यांच्याहून थोडीच मोठी. सगळे तिला ताई म्हणत, म्हणून आजोबाही ताईच म्हणू लागले.

पहिला धडा उसळत्या चेंडूचा. चेंडू जमिनीला टेकला की चपटा काढायचा, वर उडाला की लांबट. आजोबांनी प्रत्येक चित्रात चेंडू अगदी गोल काढला. मोजून मापून.

"आजोबा, हा चेंडू आहे की वीट?" ताईने विचारलं.

"चपटा केला तर चूक नाही का होणार?"

"इथे थोडं चुकल्याशिवाय काही हलत नाही."

हे वाक्य आजोबांनी घरी येऊन आजीला ऐकवलं. आजी म्हणाली, "हे मी लग्नात सांगायला हवं होतं."

हळूहळू हात बसला. संगणकाला जोडलेल्या पाटीवर पेन टेकलं की समोरच्या पडद्यावर रेघ उमटायची. आधीचं चित्र खाली पुसट दिसायचं, त्याच्यावर पुढचं काढायचं. मांजराने शेपटी हलवली त्या दिवशी आजोबा जिना उतरताना बाहेरचं दार विसरून थेट दुकानाच्या गोदामात शिरले.

खरी पंचाईत झाली ती तोंडाची.

"सुरुवातीला तोंडाची पाच-सहा चित्रं पुरतात," ताई म्हणाली. "तीच आलटून पालटून वापरायची. लोक आवाज ऐकतात, तोंड कोण बघतंय?"

"पण मामा आणि बाबा, दोन्हींना तोंड एकच?"

"एकच. ओठ मिटायचे, उघडायचे. आवाज आला की फरक कळतो."

आजोबांनी आवाज न काढता 'मामा', 'बाबा' असं दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोष्टीतल्या मामाला रजा दिली आणि त्याच्या जागी मावशीला बोलावलं. ताईने कारण विचारलं तर म्हणाले, "मावशी स्पष्ट आहे."

पाच-सहा तोंडांवर त्यांचं भागेना. घरी आरशासमोर बसून ते एकेक शब्द उच्चारत आणि ओठ कसे दिसतात ते काढत. पण मिशी आड येई. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती उतरवून टाकली.

आजीने दार उघडलं, बघितलं आणि विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

वर्गात तर टाळ्या पडल्या. "कलेसाठी मिशीचं बलिदान," एक पोरगा म्हणाला. आजोबा कानापर्यंत लाल झाले. त्यांना दिवसभर ओठांवर वारा लागल्यासारखं वाटत होतं.

मांजर मात्र विचित्र होत चाललं. त्याला माणसासारखे ठसठशीत ओठ होते.

"जरा मान वळू दे त्याची," ताई म्हणाली. "सारखं समोरच बघतंय. आणि किती सावकाश बोलतंय. झोप येईल बघणाऱ्याला."

"नको, ताई. असंच राहू दे."

"मग निदान आवाज तरी झकास घालू."

आजोबा नुसते हसले.

शेवटच्या दिवशी ताईने सगळ्यांच्या फिल्म भिंतीवर दाखवल्या. कुणाचं रॉकेट गरजलं, कुणाचा बेडूक गायला. आजोबांचं मांजर आलं, समोर बघून ओठ हलवत राहिलं, मध्येच मावशीची नक्कल करून शेपटी हलवत गेलं. आवाज कसलाच नाही. पोरं खो खो हसली. आवाजातसुद्धा कंजुषी, असं कुणीतरी म्हणालं.

"आजोबा, फिल्म अर्धीच राहिली," ताई हळूच म्हणाली. "माझ्याकडे चांगला माइक आहे. दार लावून घेऊ. कुणी ऐकणार नाही."

"नको. पुरी झालीय."

"किती लाजाल? नातीसाठी आहे ना?"

"तिच्यासाठीच आहे," आजोबा म्हणाले.

घरी आजीने शेवटची परीक्षा घेतली. कापसाच्या बोळ्यांनी कान बंद करून ती पडद्यापुढे बसली. अर्ध्यावरच मावशीला खुदकन हसली. "पहिल्यांदा तुमचं सगळं बोलणं कळलं," ती म्हणाली. आजोबांनी पेन ड्राइव्ह पाकिटात घातला आणि सोबत चिठ्ठी लिहिली, 'आधी हे बघ, मग सुट्टीचं ठरव.'

टपाल कचेरीतल्या कारकुनाने पाकीट वजनकाट्यावर ठेवलं. पत्ता मोठ्याने वाचत तो टाइप करू लागला.

"इयत्ता चौथी, मुलींचं वसतिगृह," त्याने शिक्का उचलला, "कर्णबधिर विद्यालय."