नोंदीतला नंबर

आता कायदाच आला, म्हणून निवृत्त शाळामास्तरीण आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याला कातडीखाली ओळखीची चिप बसवायला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन आल्या. "आपल्या दोघांना कोण शोधायला येणार आहे रे?" असं त्या वाटेत त्यालाच विचारत होत्या.

सुई हातात घेण्याआधी डॉक्टरांनी त्याच्या मानेवरून तपासणीचं यंत्र फिरवलं. ते वाजलं.

"बाई, याला चिप आहे की!"

"काहीतरीच काय! डोळे उघडले नव्हते तेव्हापासून माझ्याकडे आहे तो."

चिपच्या नोंदीत मालकाचं नाव नव्हतं. पत्ता मात्र बाईंचाच होता आणि फोन नंबरही त्यांच्या घरातलाच. त्या घरात दुसरं कुणी राहत नव्हतं. वर्षानुवर्षं न वाजलेला तो फोन बाई रोज पुसून ठेवायच्या. घराची एकुलती एक किल्ली आत्ता त्यांच्या मुठीत होती.

"चूक झाली असेल. लावून तर बघू," म्हणत डॉक्टरांनी नंबर फिरवला.

दुसऱ्याच रिंगला कुणीतरी फोन उचलला. पलीकडचा आवाज अस्पष्ट ऐकू येताच कुत्रा धडपडत उठला आणि शेपूट हलवू लागला. डॉक्टर "हो, हो" म्हणत राहिले, मग हसून त्यांनी फोन ठेवला.

"जीव भांड्यात पडला बघा त्यांचा. म्हणाले, दोघांनाही तिथेच बसवून ठेवा, न्यायला निघालोय."