घंटा वाजल्यावर

पाहुणे येणार म्हटलं की लेकाला एकदम शहाणपण सुचायचं, आणि आईला नेमकी त्याचीच चीड होती. त्याच्या कपडे शिवायच्या कारखान्याच्या खिडक्या आज उघडल्या. पंखे आज पुसले. मागच्या दाराचं कुलूपही आजच निघालं. कडीवर गंज चढला होता, त्यावर त्याने घाईघाईत रंग फासला. तो अजून ओला होता.

"हे दार बंद असायचं?" आईने विचारलं. गुडघ्यांपायी ती वर्षभर वरच्या घरातून जिना उतरली नव्हती.

"आई, आज तू नुसती हसून बस. ही ऑर्डर मिळाली की काळजी मिटली."

तपासणीला आलेली बाई प्लास्टिकच्या जुन्या बाटल्या वितळवून केलेले बूट घालून आली होती. आईने ते खाली वाकून निरखले.

"चावत नाहीत ना गं?"

बाई हसली. तिच्या कंपनीचे व्यायामाचे कपडे घेणारी माणसं भलती चोखंदळ. कापड कशाचं, रंगाचं पाणी कुठे सोडलं, शिवणाऱ्यांना कसं वागवलं, सगळं विचारून मगच घेतात. लेकाने धडाधड उत्तरं दिली, पाठ करून आलेलं पोर देतं तशी.

"आता आगीची घंटा वाजवू या," बाई म्हणाली. "सगळ्या किती लवकर बाहेर पडतात ते बघते."

लेक निर्धास्त होता. मागचं दार सताड उघडं होतं.

घंटा झाली. मशिनी थांबल्या. मागच्या दाराला पाठ टेकून बसणाऱ्या बायकासुद्धा उठल्या आणि तडक पुढच्या दाराकडे गेल्या. तिथे एकीमागे एक उभ्या राहिल्या. पिशव्या उघडल्या. हात खांद्यापर्यंत वर केले. आग लागलेली समजायची, आणि सगळ्या जागच्या जागी गप्प उभ्या.

"हात कशाला वर केलेत?" बाईने विचारलं.

रांगेत पहिली होती ती, जिला आई बारकी म्हणायची. ती गोंधळली. "आज झडती नाही का? कापड चोरून नेतो की काय, ते बघतात ना. रोज सुटताना."

"घाबरल्यात त्या," लेक मध्ये पडला. "काहीतरीच बोलतात. आई, सांग ना तू!"

बाई आईकडे वळली. बायकाही बघत होत्या. हात अजून कुणीच खाली घेतले नव्हते. ऑर्डर गेली तर ह्यातल्या निम्म्या घरी बसणार, हे आईला कळत होतं. त्यांनाही.

"मला ठाऊक नव्हतं," आई म्हणाली. "पण बारकी खोटं बोलायची नाही. लिहा तुम्ही."

"आई!"

आई उठली. भिंत धरत धरत रांगेपाशी गेली. बारकीचे हात तिने स्वतः खाली घेतले. मग मागचीचे. मग लेकाकडे तोंड केलं.

"उरल्यासुरल्या कापडाची झबली मी ह्यांच्याच पोरांना शिवून दिलीत. आणि तेवढ्यासाठी तू ह्यांची अंगं चाचपायला लावतोस? मालक म्हणे! चिंध्यांचा राखणदार आहेस तू."